न चाखलेला शिरा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा फडकतो आणि त्यानंतर खालच्या पार्किंगमध्ये सत्यनारायण बसतो. झेंड्याला वीसेक माणसं जमतात, त्यातली निम्मी पायजम्यात. पूजेला अख्खी बिल्डिंग येते. ही भक्ती एकाएकी कुठून उगवते, असा प्रश्न नव्या भाडेकरूंना पहिल्या वर्षी पडतो. दुपारी द्रोण हातात पडला की उत्तर मिळतं. सगळे आईच्या केळ्याच्या शिऱ्यासाठी येतात.

बिल्डिंग नवी होती तेव्हापासून प्रसाद आमच्या घरून जातो. रवा, साखर, तूप, सगळं सव्वाच्या मापात. आईच्या भाषेत सांगायचं तर पाच पेले रवा आणि पाच पेले साखर. पेला पितळेचा, पाव किलोचा, तिने लग्नात मालवणहून आणलेला. तो पेला सोडून दुसऱ्या कशाने मोजलं तर शिरा रागावतो, असं ती आम्हाला लहानपणी सांगायची आणि आम्ही ते खरं मानायचो. मी अजून मानतो.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत कप वाजायचा, मग तिने सुईत दोरा ओवणं सोडलं. पातेल्यातला शिरा ढवळणं तर दूरच. गेल्या वर्षी मी आणि बायकोने आळीपाळीने ढवळला आणि ती शेजारी खुर्ची टाकून बसली, क्रिकेटच्या कोचसारखी.

यंदा डिसेंबरात सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी माझ्याच वयाचे, सज्जन आणि व्यवस्थित. त्यांची व्यवस्थितपणाची हौस इतकी की पार्किंगमधल्या मांजरांनाही त्यांनी जागा ठरवून दिल्या असत्या. ते म्हणाले, "काकूंना अजून किती त्रास द्यायचा? यंदापासून प्रसाद बाहेरून मागवू. पॅक होऊन येतो. प्रत्येकाला एक डबी, वर बदामाचा काप."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आई समोरच बसली होती. ती काही बोलली नाही, हे मला जास्त टोचलं. तिचा स्वभाव बोलण्याचा आहे. घरी येऊन तिने चपला जागेवर ठेवल्या, पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "माका रिटायर केल्यानी."

एवढंच. त्या रात्री ती जेवलीही नीट नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना लिफ्टपाशी गाठलं. ऑफिसच्या नाट्यस्पर्धांत मी बरीच वर्षं काम केलेलं आहे, त्यामुळे साधी गोष्ट साधेपणाने सांगणं मला जमत नाही. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "प्रसाद आमच्याच घरून येणार. ढवळणार मी, सांगणार आई."

"आणि बिघडला तर?"

"बिघडला तर पुढच्या वर्षीपासून तुमची डबी."

वाक्य झकास पडलं. पडल्यावर लक्षात आलं की मी आईच्या इतक्या वर्षांच्या मानाची पैज लावून बसलो आहे आणि तिला विचारलेलंही नाही. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मी पेढ्यांचे बॉक्स आणून ठेवतो. सेफ साइड."

घरी सांगितलं तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. आई मात्र उठून ताठ बसली. "केळी कुठची आणतलस?" तिने विचारलं. त्या रात्री ती दोन वाट्या आमटी प्यायली.

केळी ही पहिली परीक्षा होती. आईला वेलची केळी लागतात, बोटाएवढी, पातळ सालीची, आणि सालीवर काळे ठिपके आलेली. ठिपके आले नाहीत तर केळं तुपात टाकल्यावर नुसतं गरम होतं, विरघळत नाही. फार काळं झालं तर शिऱ्याला आंबूस वास येतो. म्हणजे बरोबर सव्वीस जानेवारीच्या सकाळी पिकतील अशी केळी हवीत, आणि मुलुंडला जानेवारीत रात्री पंखा लागत नाही, म्हणजे केळी पिकायला किती दिवस घेतील याचा नेम नाही. मी अर्धवट हिरवा घड आणला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. रोज सकाळी आई डब्यात हात घालून केळी चाचपायची, डॉक्टर पोट दाबून बघतो तशी, आणि म्हणायची, "नाय अजून."

मी घाबरून बाजारात दुसरा घड बघून आलो. तो पिवळाधमक होता, एकही ठिपका नाही. बायको म्हणाली, "पेनाने काढ ठिपके. आईंना दिसणार नाहीत."

"माका ऐकू येता," आतून आवाज आला.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिने हात बाहेर काढला, बोटं नाकाशी नेली आणि मान हलवली. झाली होती. मी त्या घडाला नमस्कार केला आणि तो विनोद नव्हता.

सव्वीसच्या सकाळी मी आंघोळ करून धुतलेला पंचा नेसून ओट्यापाशी उभा राहिलो. बायको खाली रांगोळी काढायला निघाली होती. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "एखाद्या उपाशी साधूसारखा दिसतोयस. चाखू नकोस हं."

आमच्याकडचा हा नियम आहे आणि तो फार कडक आहे. नैवेद्य दाखवून होईपर्यंत प्रसाद कुणी चाखायचा नाही. आई तर वाससुद्धा मुद्दाम घेऊ देत नाही. वास आपण होऊन नाकात शिरला तर चालतं, नाक पातेल्यावर नेलेलं चालत नाही. म्हणजे तुम्ही साठ-सत्तर माणसांचं गोड करायचं आणि ते गोड झालं आहे का, हे देवानंतर कळणार.

मी तूप तापवलं. केळ्यांच्या चकत्या टाकल्या. आधी त्या चुरचुरल्या, मग कडा तांबूस झाल्या, मग मऊ पडून तुपातच मिसळायला लागल्या. स्वयंपाकघर असं घमघमलं की समोरच्या ब्लॉकचं दार उघडल्याचा आवाज आला. आई खुर्चीवरून सांगत होती. "गॅस कमी कर. आता रवो. पाच पेले. मोठ्यान मोज." मी मोठ्याने मोजले. रवा भाजताना खांदा भरून आला, तरी थांबायची सोय नव्हती. "तळाक लागलो तर सगळा फुकट," ती म्हणत राहिली. मग उकळतं दूध आणि पाणी ओतलं. पातेल्यातून वाफेचा लोट उठला, मी मागे सरलो, परत पुढे झालो, ढवळलं, झाकण ठेवलं. रवा फुलायला हवा. त्यानंतर साखर.

तेवढ्यात बेल वाजली.

"तू जा," आई खुर्चीवरून उठत म्हणाली. "साखर मी घालतंय. तेवढा माझ्या हातान जावंदे."

त्या वाक्यावर नाही कोण म्हणणार? मी दार उघडायला गेलो. सेक्रेटरी होते. भटजी येऊन बसलेत, केळीचे खांब बांधून झालेत, प्रसाद किती वाजता खाली येणार, पातेलं उचलायला माणूस पाठवू का, पेढे आलेत बरं का. मी प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होतो आणि कान आत लावून होतो. आतून काही ऐकू येत नव्हतं.

परत आलो तेव्हा आई पातेल्यापाशी उभी होती, हातात पेला, पातेल्यावर झाकण.

"घातली?"

"घातलंय. ढवळ आता."

मी झाकण काढून ढवळलं. शिरा सोनेरी दिसत होता, तुपाने चमकत होता. वेलदोड्याची पूड घातली, परत वाफ आणली, गॅस बंद केला. मग साखरेचा मोठा डबा जागेवर ठेवायला उचलला आणि त्याच्या झाकणाकडे लक्ष गेलं.

झाकण घट्ट बसलेलं होतं.

आमच्या साखरेच्या डब्याचं झाकण म्हणजे एक शत्रू आहे. मुंग्या जाऊ नयेत म्हणून तसलाच डबा घेतलेला. ते उघडायला मलासुद्धा चमच्याचा दांडा घालून उचकटावं लागतं. आईने तर गेलं वर्षभर ते उघडलेलं मी पाहिलेलं नाही. ती हाक मारते, आम्ही उघडतो. आज सकाळपासून मी ते उघडलं नव्हतं.

मी पेला बघितला. आत रव्याची पांढरी धूळ चिकटलेली. ओटा बघितला. तिच्या हातून चहात साखर घालतानासुद्धा चार दाणे बाहेर पडतात. पाच पेले घातले तर ओट्यावर साखरेचं वाळवंट दिसायला हवं. ओटा लख्ख. पण फडकं ओलं होतं. म्हणजे तिने पुसलाही असेल.

"आई, झाकण कुणी उघडलं?"

"मीच."

"तुला उघडलं?"

"उघडला. कित्याक? माझो हात काय तुटलो?"

 डबा हातात तोलून बघितला. महिन्याची साखर परवाच भरलेली, त्यातून सव्वा किलो गेली की नाही हे कळायला मी काही वाणी नाही. आता समजा तिने साखर घातली असेल आणि मी वरून परत पाच पेले घातले, तर बिल्डिंगमधल्या मधुमेहींची वाट लागणार. समजा घातलीच नसेल आणि मी गप्प राहिलो, तर पुढच्या वर्षी डबी आणि वर बदामाचा काप. चाखलं असतं तर एका क्षणात निकाल लागला असता. पातेलं एका हातावर होतं. जिभेवर अक्षरशः पाणी सुटलं होतं. भक्तीपेक्षा भीतीचं असावं.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती आपल्याला सुचली याचा मला आजही आनंद वाटतो. चाखायला मला बंदी होती. मुंग्यांना कुणी सांगितलं होतं? मी चमच्याच्या टोकावर शिऱ्याचा एक कण घेतला आणि खिडकीच्या कडेवर, जिथे मुंग्यांची कायमची रांग असते, तिथे ठेवला. मुंग्या आल्या. एक मुंगी कणाभोवती फिरली, थांबली, मिशा हलवल्या. मी श्वास रोखून वाकलो होतो. दुसरी आली. दोघी काहीतरी बोलल्या.

"काय करतस थय?"

आई मागे उभी होती.

"काही नाही. मुंग्या खूप झाल्यात."

तिने कणाकडे बघितलं, मुंग्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "देवाच्या आधी मुंगयेक वाढलंस," ती म्हणाली. "आणि माझ्यावर इश्वास नाय." ती साडी बदलायला आत गेली. मुंग्यांनी कण उचलला खरा, पण मुंग्या तूपही उचलतात. माझ्या प्रयोगातून काही सिद्ध झालं नाही.

तेवढ्यात पातेलं न्यायला माणूस आला.

खाली पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. आई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, जरीकाठाच्या साडीत, हात जोडून. मी तिच्या मागे. पातेलं चौरंगाशेजारी, झाकलेलं. पलीकडच्या टेबलावर पेढ्यांचे बॉक्स, एकावर एक रचलेले, लाल रिबिनीसकट. सेक्रेटरी मधूनमधून त्यांच्याकडे प्रेमाने बघत होते.

भटजींचा आवाज खणखणीत. कथेत प्रसादाचा अनादर करणाऱ्यांवर काय काय संकटं कोसळली, हे ते अगदी रंगवून सांगत होते, आणि प्रत्येक संकटाला माझ्या पाठीतून एक कळ जात होती. प्रसाद बिघडवणाऱ्यांचं काय होतं, हे कथेत नसावं. पण कथेच्या मनात काय आहे कुणी सांगावं?

मी बायकोच्या कानाशी लागलो. "साखर नाही बहुतेक."

"कशात?"

"शिऱ्यात."

तिने समोर बघत, देवासाठी ठेवलेलं हसू न हलवता विचारलं, "बहुतेक म्हणजे?"

मी झाकणाची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "आईंना झाकण उघडत नाही."

"ती म्हणाली उघडलं."

"त्या मागच्या आठवड्यात म्हणाल्या की गॅसवाल्याला पैसे दिले. त्याला मी दुसऱ्या दिवशी दिले." जरा थांबून ती म्हणाली, "तुला सांगणार होते. सांगवेना."

 समोर आईचा अंबाडा दिसत होता, त्यात खोवलेला अबोलीच्या फुलांचा वळेसर. तिचं डोकं कथेच्या लयीत हळूहळू हलत होतं. मला आतापर्यंत शिऱ्याची काळजी वाटत होती.

नैवेद्य दाखवून झाला. आरती झाली. टाळ्या वाजत असतानाच मी पुढे सरकलो, कारण आता चाखायला हरकत नव्हती. भटजींना नमस्कार करण्याच्या निमित्ताने वाकलो, झाकण तिरकं केलं, बोटावर शिरा घेतला आणि जिभेवर ठेवला.

तूप होतं. वेलदोडा होता. केळ्याचा लाजरा, लांबून आल्यासारखा गोडवा होता. साखर नव्हती.

सेक्रेटरी द्रोणांची चळत घेऊन शेजारी उभे राहिले. "करू या सुरुवात?"

नाट्यस्पर्धेत समोरचा नट संवाद विसरला की मी काहीतरी बोलून वेळ मारून नेत असे. त्या क्षणी माझ्याही तोंडात एकच वाक्य तयार होतं, की यंदा मी मुद्दाम बिनसाखरेचा केला, तब्येतीसाठी. सगळ्यांनी हसून खाल्ला असता आणि पुढच्या वर्षी सभ्यपणे डबी आणली असती. आईला काहीच कळलं नसतं. म्हणजे निदान तसं मी समजत होतो.

"पहिला द्रोण आईला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

तिने प्रसाद उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला, तोंडात घातला. एकदा चावली. तिचा जबडा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, आणि तिथेच तिला सगळं कळलं.

ती खुर्चीच्या हाताला धरून उठली. आरतीनंतरचा गलबला चालू होता, तो हळूहळू कमी झाला, कारण आई उभी राहिली की बिल्डिंगला काहीतरी ऐकायची सवय आहे.

"वाटू नका," ती म्हणाली. "शिऱ्यात साखर नाय. मी घालूक विसारलंय."

 सेक्रेटरी पटकन पुढे आले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "काकू, असू दे हो. होतं कधीकधी. पेढे आहेत ना." त्यांनी रिबिनीला हात घातला.

"पेढ्यांचो नैवेद्य दाखवलंत?" आईने विचारलं.

"अं?"

"देवाक काय दाखवलंत मघाशी? शिरो. मग प्रसाद कसलो? शिऱ्याचो. पेढे तुम्ही चायबरोबर खावा." ती भटजींकडे वळली. "सांगा यांका."

भटजी पोथी गुंडाळत होते. त्यांनी पेढ्यांकडे बघितलं, शिऱ्याकडे बघितलं आणि धोरणीपणाने घसा साफ केला. "शास्त्र म्हणायचं तर काकूंचं बरोबर आहे. प्रसाद हाच."

"आणि आता साखर घातलेली चालते?"

"नैवेद्य झालाय. आता आपल्या खाण्याचा प्रश्न. न चालायला काय?"

सेक्रेटरींनी रिबिन सोडली. कोपऱ्यात चहासाठी शेगडी लावलेली होती. चहाचं भांडं उतरलं, आमचं पातेलं चढलं. बायको धावत वर जाऊन साखरेचा डबा आणि पितळेचा पेला घेऊन आली. मी चमच्याचा दांडा घालून झाकण उचकटलं आणि पातेल्यात थोडं दूध शिंपडून ढवळायला लागलो. आईने पेला भरला. हात भरपूर थरथरत होता. आता अख्खी बिल्डिंग सतरंज्या सोडून शेगडीभोवती गोल करून उभी राहिली.

"एक," आई म्हणाली, आणि पेला रिकामा केला.

"एक," मागून कुणीतरी म्हटलं.

दुसऱ्या पेल्याला पाच-सहा आवाज आले. तिसऱ्याला सगळे. चौथ्याला दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, जे कुठल्याही बाबतीत हरकत घेतात, म्हणाले, "हा तिसराच ना?" आणि त्यांना चारी बाजूंनी गप्प करण्यात आलं. पाचवा पेला पडला. साखर विरघळली तसा घट्ट झालेला शिरा सैल पडला, चकाकला, मग परत जमून यायला लागला. गेल्या वर्षी साखरेच्या वेळी ढवळायची पाळी बायकोची होती, त्यामुळे हे असं होतं हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी माहीत असतं तर मुंग्यांना त्रास पडला नसता.

गरम गरम द्रोण वाटले. सेक्रेटरींनी एक खाल्ला, मग भिंतीकडे तोंड करून दुसरा. "काकू," ते परत येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी शेगडी इथेच लावू या का? लोकांना बघायला बरं वाटलं."

आई म्हणाली, "बघू." तिने हे इतक्या थंडपणे म्हटलं की मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

 घरी येऊन आई दिवाणावर बसली, पाय वर घेतले. बायको आत भांडी लावत होती. मी पाण्याचा तांब्या आणून दिला.

"तुका कधी कळला?" तिने विचारलं.

"झाकण घट्ट होतं तेव्हा."

"मग बोललंस कित्याक नाय?"

"विचारलं ना मी. झाकण कुणी उघडलं म्हणून."

"इचारलंस. बोललंस नाय." तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी आत हिंदकळत होतं. "मी उघडलंय असाच माका वाटला. खरा वाटला. तुका म्हायत होता मी नाय उघडूक, तरी मुंगयेक इचारूक गेलंस."

मी तांब्याखाली हात धरला. 

ती पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. "ह्याच्यापुढे बोल," ती म्हणाली. "चार माणसांसमोर नको. पण बोल. आणि तिकाही सांग, गॅसवाल्याचा माका म्हायत हा. ती गप रवली ता म्हायत हा."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "सांगतो."

"केळी बरी होती," ती म्हणाली आणि आडवी झाली. "ज्याच्याकडसून आणलंलस, तो भैय्यो लक्षात ठेव."